पोटातल्या बाळाचा खाडा

गरोदर स्त्रीने कसे वागावे, यावर आपल्या समाजात जितका उपदेश होतो, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर होत असेल. ग्रहणात विळी हाती धरू नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. पपई खाऊ नये. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये. फार जेवू नये, बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडते. ही जुन्या मंडळींची यादी. नव्या मंडळींची यादी गुळगुळीत कागदावर छापलेली असते. अमुक राग ऐकावा, भिंतीवर गोंडस बालकाचे चित्र टांगावे, मन प्रसन्न ठेवावे, चिंता करू नये. दोन्ही याद्यांत वरवर कितीही अंतर दिसले, तरी त्यांचा शेवट एकाच जागी होतो. बाळ अशक्त निघाले, अपुऱ्या दिवसांचे निघाले, उशिरा बसू-बोलू लागले, की बोट आईकडे. तिने काय खाल्ले, काय पाहिले, कुठे बसली, काय ऐकले नाही, याची चौकशी सुरू होते. तिच्या डोक्यावर किती ओझे होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वाचकहो, माझे भांडण या चौकशीशी आहे. गर्भातल्या जिवाला जे खरे धोके आहेत, त्यांतले बहुतेक आईच्या स्वभावात किंवा अज्ञानात नसून तिच्या कामाच्या दिवसात, ताटात आणि हिशेबाच्या वहीत आहेत, असे माझे म्हणणे आहे. ते हवेत राहू नये म्हणून मी एक जागा समोर ठेवतो.

पुणे जिल्ह्यात, बारामती तालुक्यात, नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळे बुद्रुक हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने हा सारा पट्टा ओला केला आणि पाण्यामागून ऊस आला. एका अंगाला सोमेश्वरनगरचा सहकारी साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला माळेगावचा. गावे सुस्थितीत आहेत, घरे पक्की आहेत, मुले शाळेत जातात. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. महाराष्ट्रातील सुखवस्तू शेतीचा नमुना पाहायचा असेल, तर पाहुण्याला येथेच आणावे.

दिवाळी उलटली, की याच शिवारात दुसरे गाव वसते. बीड आणि अहिल्यानगरकडच्या कोरडवाहू भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मोकळ्या रानात बांबू, पाचट आणि ताडपत्री यांच्या कोप्या उभ्या राहतात. कमरेइतक्या दारातून वाकून आत जावे लागते. पाणी लांबून आणायचे. शौचाला अंधार असतानाच जायचे. पहाटे चार वाजता चुली पेटतात आणि उजाडायच्या आत माणसे फडात असतात. मार्चअखेर, एप्रिलपर्यंत हा मुक्काम. शिक्षण खात्याच्या कागदावर त्यांच्या मुलांसाठी साखरशाळा आहेत, आरोग्य खात्याच्या कागदावर त्या स्त्रियांसाठी उपकेंद्र आहे. कागदाला कोपीच्या दाराची उंची ठाऊक नसते, एवढेच.

या जगाची भाषा आपण समजून घेतली पाहिजे, कारण सारा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. हंगामापूर्वी, पावसाळ्यातच, मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. उचल एकट्या माणसाला नव्हे, तर नवरा-बायकोच्या जोडीला मिळते आणि या जोडीचे नाव आहे ‘एक कोयता’. नवरा ऊस तोडतो, बायको पाला साळते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणजे स्त्री ही स्वतंत्र मजूर म्हणून हिशेबात नाहीच. ती कोयत्याची अर्धी बाजू आहे. कामावर न आल्याचा दिवस म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. कोयत्याची अर्धी बाजू बसली, की दुसऱ्या बाजूचे कामही अडते.

एका डिसेंबरात कोऱ्हाळ्याच्या बाजूला अशाच एका तळावर मी गेलो होतो. चुलीजवळ एक तरुणी भाकरी थापीत होती. तिला सातवा लागला होता. मी विचारले, “बाई, आता तरी फडात जाणे थांबवले असेल?” ती हसली. “बसून कसं भागंल बाबा? माझा खाडा पडला की ह्यांचाबी पडतो. मोळी कोण बांधणार?” मग जरा थांबून म्हणाली, “डॉक्टरीणबाई म्हणल्या आराम कर. आराम कर म्हणल्या, पण कुणाच्या जीवावर ते नाही सांगितलं.”

तिचे अज्ञान मला कुठे दिसले नाही. विश्रांती हवी, हे तिला ठाऊक होते. लोहाच्या गोळ्या कोपीच्या मेढीला अडकवलेल्या पिशवीत होत्या. पहाटे चारला नुसत्या काळ्या चहावर ती गोळी घेतली तर पोटात मळमळते आणि चहामुळे लोह अंगी लागत नाही, हेही तिला अर्धे उमगले होते. पहिली गोष्ट सोसून, दुसरी न कळता. अशा स्त्रीपुढे आपण ‘माता प्रबोधन शिबिर’ भरवतो आणि ‘पोषक आहार घ्या’ असा फलक लावतो! प्रबोधनाची गरज दुसऱ्याच कोणाला आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. फार लांब जाण्याचे कारण नाही. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहण्यापूर्वीपासून त्यांची वजने, उंची, आहार आणि कामे टिपली. या माता सरासरी ४२ किलोंच्या आसपास वजनाच्या होत्या. पूर्ण दिवसांची त्यांची बाळे सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आत भरली. इंग्लंडमधील बाळांशी तुलना केली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. आपले बाळ सर्व बाजूंनी लहान होते. स्नायू कमी, पोटातील अवयव लहान. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून हडकुळे, आतून मेदाळ. पुढे मधुमेह आणि हृदयविकार भारतीयांना लवकर का गाठतात, याचा एक धागा या पाळण्यापर्यंत जातो.

या अभ्यासातील दोन निष्कर्ष मला आपल्या वादासाठी फार महत्त्वाचे वाटतात. पहिला आहाराचा. ज्या स्त्रिया गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे सेवन अधिक वेळा करीत, त्यांची बाळे मोठी होती. नुसत्या भाकरीने पोट भरले, एवढ्याने ते साधत नव्हते. दुसरा कामाचा. शेतातील आणि घरातील श्रम ज्या गरोदर स्त्रियांना जास्त, त्यांची बाळे लहान. ज्या कामांचा तेथे विचार झाला, ती तुमच्या-आमच्या खेड्यातील नेहमीचीच कामे होती. मग वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या स्त्रीचे काय होत असेल, याचा अंदाज करायला डॉक्टर लागत नाही.

बाळाचे वजन ही किरकोळ नोंद नव्हे. इंग्लंडमधील हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून मार्गारेट बर्नसाइड नावाच्या मुख्य परिचारिकेने आपल्या सुइणींकडून प्रत्येक बाळाचे जन्मवजन आणि वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत लिहून घेतले. त्या वह्या जपून राहिल्या. डेव्हिड बार्कर या डॉक्टरांनी त्या उघडल्या आणि १९८९ मध्ये दाखवून दिले, की जी बाळे हलकी होती, ती मोठेपणी हृदयविकाराने अधिक प्रमाणात मेली. नऊ महिन्यांतील उपासमार साठ वर्षांनी दार ठोठावते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धातील नाकेबंदीमुळे पडलेल्या दुष्काळात जे गर्भ होते, त्यांच्याही पुढील आयुष्यात अशाच खुणा सापडल्या. (जाता जाता एक मनात येते. धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आम्ही आईबाप, गॉडफादर, गॉडमदर, गाव, तारीख सारे लिहितो. वजनाचा रकाना असता, तर आमच्या वह्यांनीही काही बोलून दाखवले असते.)

गर्भाचे वेळापत्रक आपल्या सोयीचे नसते, हीसुद्धा समजून घेण्यासारखी गोष्ट आहे. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. त्या वेळी बहुतेक स्त्रियांना आपण गरोदर आहोत हेही पक्के कळलेले नसते. ती नीट मिटली नाही, तर पाठीवर फोड घेऊन जन्मलेले, पायांत बळ नसलेले मूल आपण पाहतो आणि गाव ग्रहण आठवते. ज्या मातांना असे मूल पूर्वी झाले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड दिल्यास पुन्हा तसे होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली अनेक देशांत मिळून केलेल्या प्रयोगात सिद्ध झाले. म्हणजे गोळी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर नव्हे, लग्न झाल्यावरच हाती पडली पाहिजे. आपल्या विवाहपूर्व शिबिरांत स्वभावजुळणीवर दोन तास बोलणे होते. या गोळीवर दोन मिनिटे द्यायला काय हरकत आहे?

लोहाचे वेळापत्रक उलट आहे. ते शेवटच्या तीन महिन्यांत बाळाकडे जाते आणि त्या शिदोरीवर बाळ जन्मानंतरचे साधारण सहा महिने काढते. आईच्याच रक्तात लोह नसेल, किंवा बाळ आठव्यात बाहेर आले, तर शिदोरी अर्धी. मेंदूची वाढ जोरात असते त्याच काळात ती संपते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के रक्तक्षयी आढळल्या आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के. वीस ते चोवीस वयाच्या विवाहितांत आणि अविवाहितांत मिळून २१.९ टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत लागले होते. जिची स्वतःची हाडे अजून वाढताहेत, अशा मुलीच्या पोटात दुसरे मूल वाढते आणि दोघे एकाच ताटातून जेवतात. ऊसतोडीच्या घरात पोरीचे लग्न लवकर का लागते, हेही कोयत्याच्या भाषेतून कळते. जोडी झाली की कोयता झाला आणि कोयता झाला की उचल मिळते. शिवाय कोपीत तरुण पोरगी सांभाळणे आईबापांना जड वाटते. हुंड्याच्या आणि रूढीच्या नावाने आपण व्याख्याने देतो, पण इथे लग्न लावणारा भटजी हा उचलीचा आकडा आहे.

आईच्या वागण्याचा यात काहीच भाग नाही, असे मी म्हणत नाही. म्हटले तर ती लबाडी होईल. मिश्रीचेच पाहा. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड आपल्या खेड्यांत बाया सकाळ-संध्याकाळ दातांना लावतात, त्यांत आपल्याही धर्मग्रामांतील बाया आहेत, आणि तिला व्यसन म्हणायलाही कोणी तयार नसते. ती दंतमंजन ठरते. मुंबईत १२१७ स्त्रियांची पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की मिश्रीसारखी धूर नसलेली तंबाखू वापरणाऱ्या गरोदर स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सहाएक दिवस आधी जन्मली. अडीच किलोच्या काठावर उभ्या असलेल्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे काठाच्या अलीकडे की पलीकडे, एवढा फरक. तेव्हा मिश्री सोडा, हे मी व्यासपीठावरूनही सांगतो. पण त्याच बायांना विचारले, तर त्या सांगतात की मिश्री लावली की भूक मरते आणि अंग हलके वाटते. भूक मारण्याची गरज का पडावी, हा प्रश्न व्यासपीठावरून खाली उतरल्यावरच ऐकू येतो.

या सगळ्यावर एक हमखास उत्तर मिळते. “आमच्या आज्या नवव्या महिन्यापर्यंत शेतात राबल्या, बांधावर बाळंत झाल्या, आणि आम्ही धडधाकट आहोत ना?” हे उत्तर देणारे गृहस्थ स्वतः जिवंत असतात, ही त्यातली मेख आहे. जे राहिले नाहीत, ते उत्तर द्यायला येत नाहीत. कोणत्याही जुन्या धर्मग्रामाची दफनाची नोंदवही उघडून पाहा. वय या रकान्यात ‘तीन दिवस’, ‘एक महिना’, ‘तासभर’ अशा नोंदी पानापानांवर आहेत, आणि अधूनमधून, त्याच आठवड्यात, त्याच आडनावाची एक पंचवीस वर्षांची स्त्री. आज्यांच्या काटकपणाचे कौतुक करताना ती पाने का उलटू नयेत?

दुसरे उत्तर अधिक रोखठोक असते. “उचल घेतली ना? मग काम केलेच पाहिजे.” हे म्हणणाऱ्यांत मोठे बागायतदार असतात, तसे आपल्यासारखे मध्यमवर्गीयही. त्यांच्यासाठी एक जुनी आठवण. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील कामगार स्त्रियांना प्रसूतिकाळात रजा आणि भत्ता देणारे विधेयक आले, तेव्हा मालकपक्षाने हाच आक्षेप घेतला होता, की धंद्याला हा बोजा पेलणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून हा भार मुख्यतः शासनाने उचलावा, पण जो मालक स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेतो त्यानेही त्यातून सुटू नये, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. १९२९ मध्ये कायदा झाला. देशातील तशा प्रकारचा तो पहिला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला. २०१७ पासून त्याची रजा २६ आठवड्यांची झाली. आपल्या शाळांतील शिक्षिका, बँकेतील मुली, रुग्णालयांतील परिचारिका ती घेतात आणि घ्यावीच. फडातली स्त्री मात्र आजही १९२८ च्या अलीकडे उभी आहे. ती कोणाची कामगार, हेच ठरत नाही. कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी फक्त जोडून देतो. शेतकरी म्हणतो, माझा फक्त ऊस.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारी नोकरीत नसलेल्या प्रत्येक गरोदर मातेला किमान ६००० रुपये द्यायचे ठरवले. त्याच कायद्याच्या आधारे २०१७ साली योजना आली ती ५००० रुपयांची आणि पहिल्या अपत्यापुरती. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर मदत द्यायची, ही सुधारणा नंतरची. कायद्याच्या ‘प्रत्येक’ या शब्दाचे काय झाले, ते विधिज्ञांनी सांगावे. आणि अर्ज करायचा तर मूळ गावाचा कागद, बँकेचे खाते, ठराविक मुदतीत तपासण्यांच्या नोंदी. हंगामात ती स्त्री असते दोनशे-अडीचशे किलोमीटरवर.

खाड्याच्या हिशेबाने काय होऊ शकते, हे २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पाळीचे दिवस, अंगावरचे जाणे, वारंवार गर्भपात, अस्वच्छ जागा, प्रत्येकाची किंमत खाड्यात. शेवटी अवयवच काढून टाकला की खाड्याचे कारणच उरत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हे सारे जगापुढे मांडले, तेव्हा आपल्याकडील काही प्रतिष्ठितांना राज्याची बदनामी झाल्याचे दुःख झाले. दुःख करण्याची जागा चुकली, असे मला वाटते.

जन्मानंतरच्या दिवसांकडे वळू, कारण धोका नाळ कापल्यावर संपत नाही. पहिल्या दोन दिवसांतील चीक हे बाळाचे पहिले औषध, तो पिळून टाकू नये. मध, साखरपाणी, गूळपाणी चाटवू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. हे सर्व खरे आहे आणि सांगितलेच पाहिजे. पण बाळंतीण दहाव्या-पंधराव्या दिवशी फडात गेली, तर दर दोन तासांनी पाजायला बाळ कोठून येणार? ते उसाच्या कडेला झोळीत असते, किंवा कोपीत, सहा वर्षांच्या बहिणीच्या मांडीवर. जानेवारीची थंडी, चुलीचा धूर, पाचटाची धूळ. अडीच किलोंच्या आतल्या बाळाला ऊब टिकवता येत नाही. त्याला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवावे, हा उपाय कोलंबियातील बोगोटा येथील डॉक्टरांनी १९७८-७९ च्या सुमारास काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू केला आणि तो जगभर मान्य झाला. त्यासाठी फक्त एका गोष्टीची गरज असते, छातीशी बाळ घेऊन बसायला मोकळी असलेली आई.

आणि असे म्हणू नका, की खेड्यात, झोपडीत काही करता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी, ऊब, श्वास सुरू करणे, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणे हे सारे शिकवले. त्या घरोघर जाऊ लागल्या. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती दिली गेली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा भेटी. कोऱ्हाळ्यातील घराघरांत अशी ताई जाते. पण तिच्या वहीत गावची घरे असतात. कोपीतील बाळाची आई बीडच्या वहीत, बाळ बारामतीच्या रानात, आणि सहा भेटींचे बेचाळीस दिवस दोन वह्यांच्या मधल्या रस्त्यावर निघून जातात.

गर्भसंस्कारवाल्यांनाही थोडे श्रेय द्यायला हवे. शेवटच्या तीन महिन्यांत बाळ ऐकते, हे खरे आहे. १९८० साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखवले, की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ओळखून निवडतात. पण त्यांनी निवडला तो आईचा आवाज. विकतच्या ध्वनिफितीचा त्यात काही संबंध नव्हता. तो आवाज जन्मानंतर बाळाशी बोलत राहिला, बाळाच्या हुंकाराला हुंकार देत राहिला, की त्यातून त्याची भाषा उगवते. ज्या घरी आई पहाटे चारला जाते आणि गाडी भरायला रात्रीही थांबते, त्या घरातले मूल उशिरा बोलते. मग अंगणवाडीत ते ‘मंद’ म्हणून मागे बसवले जाते.

येथवर वाचून काही वाचक मनात म्हणतील, की फादर, आम्ही ना कारखानदार, ना मुकादम. आमचा ऊसही नाही. ठीक आहे. तुमच्या घरी धुणीभांडी करणारी स्त्री आहे? ती गरोदर राहिली होती तेव्हा किती दिवस पगारी सुट्टी दिलीत? तिच्या न येण्याला आपण शहरात कोणता शब्द वापरतो, ते आठवून पाहा. तोही ‘खाडा’च. महिनाअखेर कालनिर्णयाच्या पानावर केलेल्या फुल्या मोजून पैसे कापणारे हात मी चांगल्या, नित्य मिस्सेला येणाऱ्या घरांत पाहिले आहेत.

आपण ख्रिस्तसभेचे लोक गर्भातल्या जिवाची बाजू घेऊन बोलतो. गर्भपाताविरुद्ध प्रवचने होतात, फलक लागतात, प्रार्थना होतात. त्या भूमिकेपासून मी तसूभरही हटत नाही. पण जीव गर्भधारणेपासून माणूस असेल, तर त्याची भूक, त्याच्या आईच्या डोक्यावरची मोळी आणि तिच्या रक्तातले लोह हेदेखील त्याच दिवसापासून आपले प्रश्न होतात. अर्धा युक्तिवाद घेऊन उभे राहणाऱ्यांवर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि ठेवूही नये. नाताळचा हंगाम आणि गाळपाचा हंगाम एकाच वेळी येतो. गव्हाणीसाठी पेंढा आणायला आपली मुले ज्या रानात जातात, तेथून कोप्या फार दूर नसतात.

मागणी काय करायची? फार नवीन काही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आहे आणि त्यासाठी टनामागे कारखान्याने व शासनाने प्रत्येकी १० रुपये द्यायचे आहेत. त्या पैशातून सातव्या महिन्यापासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत स्त्रीच्या वाट्याची मजुरी तिच्या स्वतःच्या नावावर जमा व्हावी. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती योग्यच झाली. पण दर टनाचा आहे, आणि जी तोडू शकत नाही तिला टनाच्या वाढीतून काही मिळत नाही. गरोदरपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा उचलीच्या हिशेबात धरता येणार नाही, असे करारात शब्दांत लिहिले जावे. ‘कोयता’ हा शब्द जाऊन नवरा आणि बायको अशी दोन नावे, दोन हजेऱ्या याव्यात. कोप्यांच्या तळाची नोंद त्या हंगामापुरती जवळच्या उपकेंद्राच्या आणि आशाताईच्या वहीत व्हावी, आणि त्या भेटींचा मोबदला ताईला वेगळा मिळावा.

बारामती, इंदापूर, फलटण, अहिल्यानगर या भागांत आपली जी कुटुंबे आहेत, त्यांतील काहींचा स्वतःचा ऊस आहे आणि काही जण कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत सभासदाला बोलता येते. काही कुटुंबे तर तोडीला जाणारीही आहेत. पुढच्या हंगामाच्या उचली जूनपासून वाटल्या जातात आणि करार तेव्हाच होतात, दिवाळीनंतर नव्हे. नाताळात कोप्यांवर ब्लँकेटे वाटायला जाणाऱ्या आपल्या मंडळांनी यंदा पावसाळ्यातच, उचलीच्या कागदावर अंगठा उठण्यापूर्वी, तेथे जावे.